मालकिणीच्याच खात्यात

एक

चोराने रत्नाताईंचे पैसे पळवले आणि रत्नाताईंच्याच खात्यात नेऊन ठेवले.

मी लुबना. कुवेतमधल्या एका विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढणं, हे माझं पोटापाण्याचं काम. न झालेले अपघात पाहिलेत, मेलेल्या माणसाला चालत येऊन सही करताना पाहिलंय. पण मालकाचाच खिसा भरणारा चोर मी कधी पाहिला नव्हता. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी रत्नाताई माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्यांदा मी हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

रत्नमाला परब. जाब्रियात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, मी हर्णैची. परदेशात दोन कोकणी बायका एका जिन्यावर राहायला लागल्या की धर्म राहतो बाजूला आणि वाद होतो तो फक्त आमटीत कोकम किती घालायचं याचा.

"हसू नकोस गं," त्या म्हणाल्या. "माझी कमलताई लुटली कोणीतरी."

कमलताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात उभ्याने आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. गेल्या वर्षी गेली. जाताना निवृत्तीसाठी साठवलेलं सगळं खातं धाकट्या बहिणीच्या नावे ठेवून गेली. नऊ लाख डॉलर. हा आकडा ऐकला तेव्हा रत्नाताई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

पण असं खातं म्हणजे काही गल्ला नव्हे, की हात घातला आणि काढले. वारसाने ते दहा वर्षांत रिकामं करायचं असतं. आणि अमेरिकेबाहेरचा परका वारस पैसे काढायला गेला की तिथलं सरकार जागच्या जागी तीस टक्के कापून घेतं. भारताचा अमेरिकेशी करार आहे, कुवेतचा नाही. भारतात कायमचं परतून दरवर्षी थोडे थोडे घेतले, तर ती कात्री टळते. मग कर भरायचा तो भारतात, आणि थोड्या रकमेवर थोडाच. म्हणून रत्नाताईंनी ठरवलं होतं: डिसेंबरमध्ये राजीनामा, वेंगुर्ल्याला घर, आणि तोवर त्या खात्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

कोणीतरी बोट नव्हे, दोन्ही हात घातले होते. मागच्या शुक्रवारी दुपारी रत्नाताईंच्याच मोबाईलवरून खातं रिकामं करण्याची विनंती गेली होती. तीस टक्के कापले गेले आणि उरलेले काल त्यांच्या कुवेतच्या बँकेत जमा झाले. तेव्हा कुठे त्यांना कळलं. मधल्या काळातल्या कंपनीच्या मेल कोणीतरी पुसून टाकल्या होत्या.

रात्रभर त्यांनी कंपनीशी फोनवर भांडण केलं होतं. उत्तर एकच: बाई, तुमचा फोन, तुमचा पासवर्ड, तुमचंच खातं. चोर मालकिणीला पैसे देतो होय? हे तुम्ही केलं नाही असं म्हणता, तर कोणी केलं ते नावानिशी नोंदवा. बुधवारपर्यंत. त्यानंतर कापलेला कर सरकारजमा होईल आणि मग देवसुद्धा परत आणू शकणार नाही.

"जवळजवळ पावणेतीन लाख डॉलर, लुबना. तिच्या पायांच्या शिरा फुगून काळ्या पडल्या होत्या उभी राहून राहून. मी तिचा एक डॉलर सोडणार नाही."

त्यांनी बँकेचे मेसेज माझ्यासमोर धरले. मोठी रक्कम जमा. पाठोपाठ बँकेने कसल्याशा दाखल्याची म्हणून तीन दिनार फी कापलेली. आणि कंपनीच्या नोंदीत, त्या मोठ्या विनंतीच्याही आधी, खातं उघडतंय का ते बघायला चोराने मागितलेली एक किरकोळ रक्कम.

सातशे शहाऐंशी डॉलर.

दोन

"इम्तियाजच!" जगन्नाथ म्हणाले.

जगन्नाथ म्हणजे रत्नाताईंचे दीर. एसीचं काम करतात, फरवानियात चौघांबरोबर खोली घेऊन राहतात. दर शुक्रवारी वहिनीकडे जेवायला. मी खाली गेले तेव्हा ते झुबैदीची, म्हणजे इथल्या पापलेटची, पिशवी घेऊन नुकतेच आले होते. मासे ओट्यावर आणि निकाल तयार.

"नंबर बघलात मा वहिनी? सात आठ सहा! आणखी काय पुरावो व्हयो? तेच्या मोबाईलच्या नंबरात पण ता आसा. मी कालच आमच्या खोलीवर सांगितलंय सगळ्यांका."

"काल? कशावरून सांगितलंत?" मी विचारलं.

ते जरा गडबडले. "वहिनींचो फोन इल्लो. नंबर त्यांनीच सांगितल्यानी."

इम्तियाज हा आमच्याच रत्नागिरीकडचा. गुंतवणुकीचे प्लॅन विकतो. रत्नाताईंना करारातली मेख त्यानेच समजावून दिली होती, आणि मागच्या शुक्रवारी तोही जेवायला होता. त्या दिवशी घरात चारच पाहुणे म्हणा, घरचे म्हणा: जगन्नाथ, इम्तियाज, रत्नाताईंचा मुलगा अक्षय, आणि त्यांच्याकडे खोली भाड्याने घेऊन राहणारी नर्स तेजस्वी. जेवण झाल्यावर रत्नाताई रात्रपाळीची झोप काढायला आत गेल्या. मोबाईल फ्रिजवर चार्जिंगला. पासवर्ड कमलताईची जन्मतारीख, आणि तो घरातल्या मांजरालाही ठाऊक.

मला जगन्नाथांचा राग आला. खरं सांगते, नुसता राग नाही, संताप. अठरा वर्षं मी चोर पकडतेय, त्यात सगळ्या जातीधर्माचे सापडले. पण एक आकडा दिसला की बोट कुठे वळतं ते मला पाठ झालंय. मी चप्पल घातली आणि थेट फरवानिया गाठलं, इम्तियाजही तिथेच राहतो.

इम्तियाज चहाच्या दुकानाबाहेर उभा होता. समोर कडक चहा, त्यावर साय धरलेली.

"आपा, काल रात्रीपासून तीन क्लायंटचे फोन आले," तो म्हणाला. "विधवेचे पैसे खाल्ले म्हणतात. खाल्ले असते तर माझ्या खात्यात असते ना? सिस्टरच्या खात्यात कशाला?"

"तुझ्या प्लॅनमध्ये गुंतवायला लावायचे असतील. कमिशन मोठं मिळालं असतं."

"मिळालं असतं. म्हणून तर मी गप्प बसायला हवं होतं. सिस्टर इंडियाला गेल्या की माझा एक क्लायंट कमी. तरी मीच सांगितलं, जा, नाहीतर तीस टक्के जातील."

"भारतात हजाराचा पगार असला तर हातात किती येतात रे?" मी सहज विचारलं.

तो हसला. "ते कुठल्या स्लॅबमध्ये बसतं त्यावर आहे, आपा. शिवाय पीएफ."

मी चहाचे पैसे दिले. त्याने देऊ दिले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी त्या आकड्याचा विचार करत होते. ७८६ म्हणजे आमच्याकडे बिस्मिल्लाचा अंक. माझ्या वडिलांनी दुकानाच्या पाटीवर लिहिला, काकांनी होडीवर. कोणी मानतं, कोणी म्हणतं धर्मात असलं काही नाही. पण मानणारा तो शुभकामाला वापरतो. चोरीला निघताना कोणी बिस्मिल्ला म्हणत नाही. जो मानतो तो चोरीवर हा अंक घालणार नाही, आणि जो मानत नाही त्याला तो सुचणारच नाही.

तो अंक घालणारा माणूस एकच. ज्याला तो फक्त बाहेरून माहीत आहे, असा.

म्हणजे मागच्या शुक्रवारी टेबलावर बसलेल्या कोणीतरी इम्तियाजकडे बघत, त्याच्याच ताटात वाढलं जात असताना, त्याला अडकवायचं ठरवलं होतं.

तीन

तेजस्वी सांगलीची. वय सव्वीस, जीभ त्याहून तिखट.

"माझ्यावर संशय घ्या खुशाल. भाडेकरू आहे ना मी! मावशी डिसेंबरला गेल्या की मला दुसरी खोली शोधायची, ती पण दुप्पट भाड्याची. त्या जाऊ नयेत असं मला वाटतंच. पण म्हणून मी नऊ लाखाला हात घालीन? मला ते ॲप उघडता पण येत नाही."

"भारतात हजाराचा पगार असला तर हातात किती येतात?"

"तुम्हाला काय करायचंय? पुण्यात होते तेव्हा टीडीएस कापायचे, प्रोफेशनल टॅक्स कापायचे, मेसचे कापायचे. राहायचं काय, माझी चप्पल."

जगन्नाथांना कुडाळजवळ एक प्लॉट घ्यायचा होता, आणि वहिनीने अर्धे घालावेत म्हणून सहा महिने ते दर शुक्रवारी झुबैदी नाहीतर बांगडे आणत होते. त्यांनी ते लपवलंही नाही. तोच प्रश्न मी त्यांनाही विचारला.

"मुंबयत कंपनीत होतंय तेव्हा पगाराचो कागद बघून रडू येयचा," ते म्हणाले. "हय इलंय ता तेच्याचसाठी. हजार म्हणजे हजार. आणि वहिनींच्या त्या खात्याचा माका सगळा म्हायत आसा. तिसरो हिस्सो जाता. काय उपयोग आताच काढून? माझो प्लॉट पुढच्या वर्षी घेतलो तरी चलात."

अक्षय शेवटी भेटला. वय तेवीस. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथल्याच एका कुरिअर कंपनीत. भारत म्हणजे त्याला दर दोन वर्षांनी महिनाभराची सुट्टी. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. कानातलं इअरफोन त्याने एका बाजूचं काढलं, दुसरं राहू दिलं.

"आंटी, सीरियसली, मला कळत नाहीये. पैसे आईच्याच अकाउंटमध्ये आहेत ना? देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"तीस टक्के गेले."

"या, दॅट्स बॅड." तो खाली बघायला लागला. "कंपनी परत देईल ना? इट्स देअर मिस्टेक."

"कंपनीची चूक कशी?"

"आय मीन, इथे राहणाऱ्याकडून कसा घेतात?"

"बरं. तुला भारतात हजाराची नोकरी मिळाली, तर हातात किती येतील?"

"थाउजंड," तो म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला गणित येत नाही.

त्या रात्री कंपनीने रत्नाताईंना एक गोष्ट पाठवली, जी आम्ही मागितलीही नव्हती. गुरुवारी पैसे जमा झाल्यावर कोणीतरी रत्नाताईंच्या नावाने कंपनीशी चॅट केलं होतं. तक्रार होती. मराठीत सांगायचं तर अशी: "माझे पूर्ण पैसे कुठे आहेत? मी कुवेतमध्ये राहते. कुवेतमध्ये टॅक्स नाही."

मी ते दोनदा वाचलं. चोराला स्वतःलाच धक्का बसला होता.

चार

मंगळवारी संध्याकाळी मी चौघांना रत्नाताईंच्या हॉलमध्ये बसवलं. इम्तियाज यायला तयार नव्हता. मी त्याला म्हटलं, तू आला नाहीस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. तो आला, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसला. जगन्नाथांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"चोर मूर्ख नव्हता," मी म्हटलं. "पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. पैसे काढले की कर कापतात, हे. जाणता माणूस तीस टक्के घालवून पैसे काढणार नाही असं मला पहिल्याच दिवशी वाटलं, म्हणून तर सगळ्यांना तो हजाराचा प्रश्न विचारला. ती कळल्यावर तो कंपनीशी भांडला, कुवेतमध्ये टॅक्स नाही म्हणून. या खोलीत ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती? इम्तियाजचा तो धंदाच आहे. जगन्नाथभाऊंना तिसरा हिस्सा जातो हे तोंडपाठ आहे. तेजस्वीने पुण्यात पगाराच्या कागदावर शिव्या घातल्यात. भारतात एक महिना जरी नोकरी केली, तरी माणूस हजाराचे हजार हातात येतात असं म्हणत नाही. ते फक्त तोच म्हणेल, ज्याने जन्मात कधी पगारातून कापलेला कर बघितलेला नाही."

 अक्षयने कानातलं दुसरं इअरफोनही काढलं.

"दुसरी गोष्ट. पैसे इथेच का ठेवले? जगन्नाथभाऊंना प्लॉटसाठी हवे असते तर ते गावी जायला हवे होते. इम्तियाजला हवे असते तर ते त्याच्या प्लॅनमध्ये जायला हवे होते. पण पाच दिवस झाले, एक दिनार हललेला नाही. या चोराला पैसे नकोच होते. त्याला ते फक्त दिसायला हवे होते. गुरुवारी बँकेने तीन दिनार फी कापली. मी काल बँकेत विचारून आले. ती शहादत रसीदची फी आहे."

"म्हणजे काय गं?" रत्नाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

"खात्यात किती शिल्लक आहे याचा बँकेचा दाखला. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाला व्हिसासाठी लागतो. आईच्या खात्यात भरपूर पैसे आहेत, हे दाखवायला."

कॅनडा हा शब्द त्या घरात वर्षभर रोज बोलला जात होता. रत्नाताई मुलाला म्हणायच्या, मी भारतात गेले की दरवर्षी जे येतील त्यातून तुझी तिथल्या कॉलेजची फी भरू. पोरगा म्हणायचा, दॅट्स टू लेट.

"अक्षय?" रत्नाताई म्हणाल्या.

तो रडला नाही. उलट ताठ बसला. "आय डिडन्ट स्टील एनीथिंग! आई, पैसे तुझेच आहेत, तुझ्याच अकाउंटमध्ये आहेत. तू इंडियाला गेलीस की तिकडे वर्षाच्या शेवटी टॅक्स भरावा लागणार, तूच म्हणायचीस. मला वाटलं, इथे आहोत तोपर्यंत सगळे काढलेले बरे. इथे टॅक्स नसतो. आय वॉज सेव्हिंग यू मनी!"

आणि मला माहीत आहे, तो खरं बोलत होता. ज्या गावात दुकानदार सांगेल तीच किंमत आणि पगार ठरेल तोच हातात, तिथे वाढलेल्या मुलाला अमेरिकेचं सरकार कुवेतमध्ये हात घालेल हे स्वप्नातही आलं नसेल. आईने जेवताना दहा वेळा सांगितलं, त्याने कानात गाणी घालून दहा वेळा "येस आई" म्हटलं. एवढ्यावर थांबलं असतं, तर मी त्याची बाजू घेतली असती.

"मग सातशे शहाऐंशी कशाला?" मी विचारलं.

त्याने इअरफोन मुठीत धरले.

"आईचे पैसे वाचवत होतास, तर तो आकडा कशाला घातलास, अक्षय?"

दाराजवळच्या खुर्चीवरून इम्तियाजने मान वर केली. अक्षयने त्याच्याकडे बघितलं नाही. या मुलाला ईदच्या दिवशी खांद्यावर बसवून इम्तियाजने शीरखुर्मा चारलेला मी पाहिलाय.

"कोणी विचारलंच तर..." अक्षय पुटपुटला.

पाच

 मग जगन्नाथ उठले आणि वहिनीच्या समोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, झाला ता झाला. तेचा नाव लिवलात तर तेचा आयुष्य वाया जायत. फसवणूक म्हणान नोंद होतली. मगे खयचो कॅनडा आणि खयची नोकरी? अनोळखी माणूस म्हणान लिवा."

"अनोळखी माणूस चालणार नाही," मी म्हटलं. "त्यांना नाव हवंय."

"मग जाऊ दे पैसे! पोरापेक्षा मोठे आसत?"

खरं सांगते, त्या क्षणी मीही डळमळले. सहा लाखांच्या वर उरले होते. तेवढ्या पैशात रत्नाताई वेंगुर्ल्याला जन्मभर आरामात जगल्या असत्या. तसं मी म्हणणार होते, तेवढ्यात अक्षय बोलला.

"इम्तियाज अंकलवर ऑलरेडी सगळ्यांना डाउट आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तेच नाव दिलं तर... प्रूव्ह काही होणार नाही ना त्यांच्यावर. ते सुटतील."

रत्नाताई उठल्या. मला वाटलं त्या त्याला मारणार. त्यांनी मारलं नाही.

"तुझी मावशी रोज उभ्याने जेवायची," त्या म्हणाल्या. "काउंटर सोडता येत नाही म्हणून. तिने हे पैसे मला दिले, कारण मला उभं राहायला कोणाची गरज पडू नये. आणि तू मला आता दुसऱ्याच्या मानेवर उभी राहा म्हणतोस? मी तुला कॅनडाला पाठवीन म्हटलं होतं. अजूनही पाठवीन, नाव स्वच्छ झाल्यावर, तुझ्या स्वतःच्या पगारातून. पण माझ्या बहिणीचे पैसे बुडवून नाही. आणि या माणसाची अब्रू बुडवून तर नाहीच नाही."

"आई, प्लीज. माय लाइफ विल बी ओव्हर."

"नाही होत. तेवीस वर्षांच्या माणसाचं आयुष्य खरं बोलल्याने संपत नाही. संपलं असतं तर मी या देशात नवरा गेल्यावर नऊ वर्षं काढली नसती."

इम्तियाज उभा राहिला. "सिस्टर, माझ्यासाठी करू नका हे. मुलगा आहे."

"तुझ्यासाठी नाही रे," रत्नाताई म्हणाल्या. "बस तू. चहा पिऊन जा."

मग त्या जगन्नाथांकडे वळल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, जितक्या लोकांना तुम्ही इम्तियाजचं नाव सांगितलंत, तितक्यांना उद्या फोन करून खरं सांगायचं. नाहीतर शुक्रवारचं जेवण बंद. जगन्नाथांनी मान हलवली.

अमेरिकेत ऑफिसं उघडली होती. रत्नाताईंनी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई सौम्य होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाली की एवढं पुरे आहे. ही जबानी नोंदवली की व्यवहार रद्द होईल. इथे आलेली रक्कम परत पाठवा, कापलेली आम्ही खात्यात परत घालू, खातं होतं तसं होईल. पण मॅडम, ती म्हणाली, ज्या व्यक्तीचं नाव तुम्ही सांगाल, तिच्यावर फसवणुकीची नोंद राहील. ते नंतर मागे घेता येणार नाही. तुम्ही विचार केलाय ना?

रत्नाताईंनी अक्षयकडे बघितलं. तो आता रडत होता, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. त्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. उजव्या हातात फोन होता.

"केलाय," त्या म्हणाल्या.

"नाव?"

रत्नाताईंनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. ए. के. एस. एच. ए. वाय.

"आणि आडनाव?"

"माझंच," त्या म्हणाल्या.